लेंडीच्या अहवालावर विसंबू नका

दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेलेल्या वाड्यांवरून सध्या एकच तक्रार येते आहे. कालपर्यंत नीट चरणारी मेंढी संध्याकाळी मलूल होते आणि सकाळी मेलेली सापडते. भातखाचरांत आणि तळ्याकाठच्या ओल्या गवतावर लिव्हर फ्लूक असतो, पाणगोगलगाय तो पसरवते, हे मेंढपाळाला सांगायला नको. सांगायचे आहे ते तपासणीचे.

गवताबरोबर गेलेली पिले आतड्यातून निघून यकृत पोखरत पित्तनलिकेत पोहोचतात. आपल्याकडच्या जातीची अंडी लेंडीत दिसायला तीन-चार महिने लागतात. मेंढी त्याआधीच मरते. एका वाड्यावर मालकाने ‘अंडी आढळली नाहीत’ असा कागद माझ्यापुढे धरला. मेलेली मेंढी तिथेच उघडली, तर पोटात रक्ताळ पाणी, यकृतावर तांबड्या रेघा आणि दाबताच बाहेर येणारी कोवळी पिले. कागद खोटा नव्हता, अंडी पडायलाच अजून अवकाश होता.

रक्तात मात्र लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत प्रतिपिंडे दिसू लागतात आणि एलायझा चाचणीत ती सापडतात. पण रक्त म्हाताऱ्या मेंढ्यांचे घेऊ नका. औषधानंतरही प्रतिपिंडे कित्येक महिने राहतात, त्यामुळे गेल्या हंगामाची लागण यंदाची वाटेल. पहिल्यांदाच खाली उतरलेली आठ-दहा कोकरे निवडा. रक्त साध्या नळीत घ्यावे, हलवू नये, गोठवू नये, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोहोचवावे. ही चाचणी सगळीकडे होत नाही. नमुना कुठे पाठवायचा ते पशुवैद्यकाला आधी विचारा.

दुकानदाराने दिलेले आयव्हरमेक्टिन टोचून ‘जंताचे औषध झाले’ म्हणणाऱ्यांनी पैसे वाया घालवले. फ्लूकवर त्याचा काडीचा उपयोग नाही. अल्बेंडाझोल फक्त वाढलेल्या फ्लूकवर चालते. कोवळ्या पिलांवर ट्रायक्लाबेंडाझोल, तेही वजनाप्रमाणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. आणि मोरचुदाचे पाणी पाजणे आजच बंद करा! मेंढीला तांबे सोसत नाही. पोखरलेल्या यकृतावर ते म्हणजे सरळ विष.

गायी-म्हशी सहसा अशा पटापट मरत नाहीत, त्या खंगतात, दूध कमी होते. दुभत्या जनावराला औषध देण्यापूर्वी किती दिवस दूध वापरायचे नाही, ते विचारून घ्या.

जबड्याखाली पाणी उतरले की फ्लूकच, असेही धरू नका. पोटातले रक्त शोषणारे जंतही तेच करतात. त्यासाठी लेंडी जरूर तपासा.