भिडेपोटी 'हो' म्हणणं सोडायची कृती

भीड भिकेची बहीण, हे सगळ्यांना पाठ. तरी अकोल्याच्या अलायन्स चर्चमधली रविवारची उपासना संपून दारात कुणी हात धरला, की 'हो ना भाऊ, करून टाकू' तोंडातून निघतंच. आज जामीनकीचं उदाहरण घेऊ. नात्यातले भाऊ पतसंस्थेच्या कर्जासाठी तुमची सही मागताहेत आणि तुमचं मन तयार नाही. चला, सोबतच करू.

साहित्य: मराठी बायबल, वही, पेन, अर्धा तास.

1. जागेवर उत्तर देऊ नका. 'उद्या संध्याकाळी सांगतो' म्हणा.
सांभाळा: 'पाह्यतो' म्हणू नका. समोरचा तो अर्धा होकारच धरतो.

2. घरी आल्यावर मागणी वहीत लिहा: कोणाची, कशासाठी, किती रुपयांची.
सांभाळा: रक्कम मोघम नको. कर्ज थकलं तर वसुली जामीनदाराकडेही येते.

3. खाली तुमची भीती लिहा: 'भाऊ बोलणं सोडतील', 'मंडळीत नाव खराब होईल'.
सांभाळा: इथं भाऊंचे दोष लिहू नका. तपासायचं आहे ते तुमचं मन.

4. गलतीकरांस पत्र 1:10 वाचा. आपण माणसांना खूश करतोय की देवाला, हे पौल स्वतःलाच विचारतो. तुम्हीही विचारा.
सांभाळा: पुढची पानं चाळत बसू नका, एकच वचन पुरे.

5. लिहिलेली भीती एकेक करून, नाव घेऊन, प्रार्थनेत देवाच्या हाती द्या.
सांभाळा: 'प्रभू, भाऊंचं मन बदल' एवढंच मागून उठू नका. धीर स्वतःसाठी मागा.

6. आता निर्णय घ्या. करिंथकरांस दुसरे पत्र 9:7 ची कसोटी लावा: द्यायचं ते खुशीनं, दडपणाखाली नाही. जामीनकीसाठी नीतिसूत्रे 22:26-27 ही पाहा.
सांभाळा: मन खुशीनं तयार असेल तर 'हो' म्हणा. प्रत्येकाला नकार देणं हा काही विश्वास नव्हे.

7. नकार ठरला तर तो एका वाक्यात लिहा: 'भाऊ, मले जामीन राहता येणार नाही.'
सांभाळा: 'गावाला चाललो' असली थाप नको. 'देवानं नाही सांगितलं' म्हणून जबाबदारी देवावरही ढकलू नका.

8. ते वाक्य मोठ्यानं तीनदा म्हणा.
सांभाळा: शेवटी 'पण बघू' जोडलं जात असेल, तर पुन्हा म्हणा.

9. ठरल्या वेळी भाऊंना भेटा आणि तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात एक ओळ प्रार्थना करा. राजासमोर उभ्या नहेम्यानं हेच केलं (नहेम्या 2:4).
सांभाळा: व्हॉट्सअॅपवर नकार टाकू नका, उगाच कडू वाटतो.

10. वाक्य बोला आणि थांबा.
सांभाळा: शांतता खुपेल, पण ती कारणांनी भरू नका. प्रत्येक कारणावर तोडगा निघतो.

11. आग्रह झाला तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणा. नहेम्याला चारदा बोलावणं आलं, चारही वेळा त्यानं तेच उत्तर दिलं (6:4).
सांभाळा: चौथ्यांदा आवाज चढतो, तिथं पाणी प्या.

12. पुढच्या रविवारी भाऊ दिसले की तुम्हीच आधी 'जय ख्रिस्त' म्हणा.
सांभाळा: त्यांनी तोंड फिरवलं तरी सही देऊन समेट करू नका. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करा.

जमलं? मग वहीचं पुढचं पान उघडा, दुसरी मागणी लिहा आणि पायरी 3 पासून सुरू करा. देव तुमच्या बाजूनं आहे, बिनधास्त चाला!