भंडारदऱ्याची प्रदक्षिणा एकटीने करताना

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती सायकलने फेरी मारायची म्हटली तर नकाशावर पन्नासच्या आसपास किलोमीटर दिसतात. पुण्या-नाशकात सकाळी नेमाने सायकल चालवणाऱ्यांना हे अंतर किरकोळ वाटतं. त्यात तलावाचा काठ म्हटला की रस्ता सपाटच असणार, असं मन धरूनच चालतं. एकट्याने जाणाऱ्यांनी हा समज घरीच सोडावा, म्हणून हे लिहिते आहे.

प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. अकरा टीएमसी पाणी मावतं त्यात. खोऱ्याच्या तळाशी जी सपाटी होती ती या पाण्याखाली गेली आणि रस्त्याच्या वाट्याला डोंगराच्या सोंडा आल्या. एक सोंड चढायची, पलीकडच्या ओढ्यापर्यंत उतरायचं, मोरी ओलांडली की पुन्हा चढ. एकही चढ कात्रज किंवा कसाऱ्याएवढा लांब नाही, पण विसावा घ्यावा असा सपाट तुकडाही फारसा मिळत नाही. उत्तरेला १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची रांग, दक्षिणेला रतनगड, आणि पश्चिमेला घाटघरला सह्याद्री सरळ कोकणात तुटलेला. या कोंडाळ्यात ताशी पंधरा किलोमीटरचा हिशोब मांडून निघालेला माणूस प्रत्यक्षात ताशी नऊ-दहाने पुढे सरकतो. थांबणं, फोटो, चहा, देऊळ वेगळंच.

म्हणून इथे अंतर मोजण्यापेक्षा उजेड मोजावा. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दऱ्यांमध्ये ऊन त्याच्या बरंच आधी सरतं. उजाडताच धरणाजवळची शेंडी सोडली तर हातात अकरा तास असतात. नऊ वाजता सोडली तर फक्त दोनच तास कमी होतात असं नाही. गारव्यातले, पायांत ताकद असतानाचे तास जातात आणि शेवटी उरतात ते थकव्याचे.

मी दिवाळीनंतर गेले होते. पाऊस संपलेला, रान अजून हिरवं, भाताची कापणी चाललेली. सायकलसाठी याहून चांगले दिवस नाहीत. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीच्या पावसाचे आकडे रोज वर्तमानपत्रात येतात. ते वाचायला छान, पण धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नसताना शेवाळलेल्या रस्त्यावर एकट्याने उतरू नये. काजव्यांच्या हंगामात, म्हणजे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर रात्री गाड्यांची रांग असते. तेव्हाही सायकल घरीच बरी.

शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत उत्तरेच्या काठाने घाटघर गाठायचं, तिथून साम्रद, मग रतनवाडी आणि दक्षिणेच्या काठाने परत. मी हीच दिशा सुचवेन. कोकणकड्याचं दर्शन सकाळच्या स्वच्छ हवेत होतं आणि साम्रद-रतनवाडी हा सगळ्यात निर्जन टप्पा भर दुपारी, उजेडात पार पडतो. घाटघरच्या कड्यावर उभं राहिल्यावर खालून येणारा वारा अंगावर येतो, समोर अलंग-कुलंगचे कातळ, पायाखाली कोकण. तिथे अर्धा तास जातोच, आणि जाऊ द्यावा. त्यासाठीच तर आपण जातो. फक्त तो अर्धा तास सकाळच्या हिशोबात आधीच धरलेला असावा.

घाटघरच्या अलीकडच्या एका उतारावर मी पडले. डोंगरातून पाझरणारं पाणी वळणावर पसरलं होतं आणि त्यावर बारीक खडी वाहून आली होती. पावसाळा संपून महिना झाला तरी सह्याद्रीत हे पाझर चालू असतात. वेग फार नव्हता. उजव्या अंगावर पडले, गुडघा खरचटला, हातमोज्यांमुळे तळवे वाचले. चाकं फिरवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले, सगळं ठीक होतं. घोटभर पाणी पिऊन पुढे निघाले.

सायकल उजव्या बाजूला पडली की मार बसतो तो मागच्या डिरेलरला. तो फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो त्याला हँगर म्हणतात. हा तुकडा मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. वाकलेला हँगर सॅडलवरून दिसत नाही. मधल्या गिअरमध्ये सायकल नीट चालतेही. पण मोठा चढ आला, आपण सगळ्यात हलका गिअर टाकला, म्हणजे चेन आतल्या सगळ्यात मोठ्या चक्रावर गेली, की आत झुकलेला डिरेलर चाकाच्या तारांत अडकतो. माझं तेच झालं, साम्रद सोडल्यावर, रानातल्या चढावर. एक कडकडाट, आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. हँगर तुटला होता, दोन तारा तुटल्या होत्या आणि डिरेलर चेनला लोंबत होता.

म्हणून कोणत्याही पडण्यानंतर सायकलच्या मागे जाऊन उकिडवं बसावं आणि बघावं: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरचं चक्र एका सरळ रेषेत आहेत का? खालचं टोक तारांकडे झुकलं असेल तर घरी पोहोचेपर्यंत सगळ्यात हलक्या एक-दोन गिअरांना हात लावू नये. चढ जड जाईल, उतरून ढकलावं लागेल, पण सायकल चालत राहील. आणि आपल्या सायकलीचा एक जादा हँगर पिशवीत असू द्यावा. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात तो मिळत नाही. बोटाएवढा असतो आणि वजन नगण्य.

माझ्याजवळ चेन तोडायचं अवजार होतं. डिरेलर काढून टाकला, चेन आखूड करून एकाच चक्रावर बसवली, तुटलेल्या तारा शेजारच्या तारांना गुंडाळल्या. हे काम घराच्या गच्चीवर अर्ध्या तासाचं आहे. थरथरत्या हातांनी, रस्त्याकडेला, दीड तास लागला. तेवढ्या वेळात एकही वाहन गेलं नाही. मोबाईलला रेंज नव्हती. ११२ हा क्रमांक दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क मिळालं तरी लागू शकतो, पण जिथे कुणाचंच नाही तिथे तोही लागत नाही. या भागात असे पट्टे बरेच आहेत. नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि शेवटची रेंज कुठे मिळाली ते लक्षात ठेवत जावं.

त्या दीड तासात मला खरं वाचवलं ते खिशातल्या खाण्याने. चढाच्या रस्त्यावर अंगातली साठवण दीड-दोन तासांत उतरणीला लागते. मग पाय तर जातातच, पण डोकंही चालेनासं होतं आणि साधा निर्णय घेता येत नाही. भूक लागण्याची वाट न बघता तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय-गोड पोटात जायला हवं: एक मोठं केळं आणि दोन राजगिऱ्याचे लाडू, किंवा गूळपोळी. पाण्यात ओआरएस घालावं. पुडी नसेल तर एक लिटरला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाणी शेंडीतूनच भरपूर घ्यावं. जलाशय डोळ्यांसमोर असतो, पण धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात. बाईने डोक्यावरून आणलेल्या हंड्यातून आपण बाटल्या भरून घेणं बरं नव्हे.

पुढे चढाला सायकल ढकलत, उताराला बसत निघाले. रतनवाडीच्या अलीकडे एका खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. तिथल्या आजींनी मला पाहून हातातलं काम थांबवलं. "एकलीच आली का गं बाई?" एवढंच विचारलं आणि आधी पाणी, मग नागलीची भाकर आणि चटणी पुढे केली. त्यांचा नातू सायकल निरखून म्हणाला, "ताई, ही आता शेंडीला न्हाई जायची." त्यानेच गावातला पिकअप शेंडीला भात घेऊन निघणार असल्याचं सांगितलं. पैसे देऊ केले तर आजींनी हात मागे घेतला. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर मी त्या दिवशी पाहिलं ते चालत्या पिकअपमधून, कलत्या उजेडात. त्या कोरीव कामासमोर सकाळभर बसायला पुन्हा गेले, तेव्हा आजींकडेही जाऊन आले.

एकटीने फिरू नकोस, असं मला परत आल्यावर पुष्कळांनी सांगितलं. मला ते पटत नाही. त्या रस्त्यावर मला भीती माणसांची वाटली नाही; भीती होती ती माणूस नसलेल्या मैलांची. बायकांनी, पुरुषांनी, कुणीही एकट्याने जावं. पण पंक्चरचं सामान, पंप, जादा ट्यूब, चेनचं अवजार आणि हँगर वापरता येत असेल तरच. ही अवजारं हाताळायला घरीच शिकावं. पुढे पांढरा, मागे लाल दिवा दिवसाढवळ्या निघतानाही लावलेला असावा. पाझराच्या वळणांआधीच, सरळ रस्त्यावर, वेग उतरवावा; रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिले दोन-तीन फेर नुसतं पाणी पुसण्यात जातात. आणि दुपारी बारापर्यंत घाटघर मागे पडलं नसेल, तर पुढे न जाता आल्या वाटेने परतावं. ती वाट ओळखीची झालेली असते, गावं कुठे आहेत ते ठाऊक असतं.

निघण्यापूर्वी शेंडीत जिथे चहा घ्याल तिथे विचारा: वडाप कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत चालते, एसटीची मुक्कामी गाडी कोणत्या गावाला येते. त्यांनाच सांगून ठेवा की मी या दिशेने जातोय, पाचपर्यंत येईन. हॉटेलवाल्याला लिहून दिलेला नंबर फोनमधल्या कुठल्याही ॲपपेक्षा इथे जास्त उपयोगी पडतो. आणि परत पोहोचलात की अंघोळ-जेवणाच्या आधी त्यांना जाऊन सांगा, नाहीतर दिवसभर शेतात राबलेली माणसं विजेऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला बाहेर पडतील.