दोन उतारशाळा
वाचन : लूक 10:25-37, लूक 2:1-7, मत्तय 25:31-46



गेल्या पावसाळ्यात आपल्या चर्चच्या पडवीत एक वयस्कर गृहस्थ झोपायला येत असत. रात्री उशिरा यायचे आणि पहाटेच्या मिस्सापूर्वी गोणपाट गुंडाळून निघून जायचे. काही दिवसांनी कुरबूर सुरू झाली. पडवी अस्वच्छ होते, उद्या आणखी चौघे येतील, काही कमीजास्त झाले तर जबाबदार कोण? मग पडवीच्या जाळीला रात्री कुलूप लागू लागले. ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. कुलपाच्या चर्चेत मीही मान डोलावली होती. त्यांचे नाव मात्र मी कधी विचारले नव्हते.

आजचा पाठ मी प्रथम माझ्यासाठी लिहीत आहे.

दोन दारे

लूकच्या शुभवर्तमानात दोन उतारशाळा येतात. पहिली बेथलेहेमची. तिथे जागा नव्हती, म्हणून प्रभू येशू गव्हाणीत निजला. दुसरी यरीहोच्या वाटेवरची. तिथे जागा होती, म्हणून लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस वाचला. मराठीत दोन्ही ठिकाणी आपण ‘उतारशाळा’ हाच शब्द वाचत आलो आहोत, पण मूळ ग्रीक शब्द वेगवेगळे आहेत. शोमरोन्याच्या दाखल्यातील शब्दाचा अर्थ आहे ‘सर्वांना आत घेणारी जागा’.

या दाखल्यात आपण बहुधा जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतण्यापाशी थांबतो. परंतु शोमरोनी तिथे थांबला नाही. त्याने जखमी माणसाला छपराखाली नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली आणि सकाळी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या मालकाच्या हाती ठेवली. जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन, असेही त्याने सांगितले. म्हणजे त्याच्या दयेला तीन पायऱ्या आहेत : तातडीची मदत, डोक्यावर छप्पर आणि माणूस पुन्हा उभा राहीपर्यंतची सोबत. पहिली पायरी आपल्याला चांगली जमते. नाताळात आपण ब्लँकेटे वाटतो. आज उरलेल्या दोन पायऱ्यांचा विचार करू.

छप्पर

2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर राहणाऱ्यांची मोजणी झाली. देशात असे सुमारे 17 लाख 70 हजार लोक आढळले. त्यांपैकी सुमारे 2 लाख 10 हजार आपल्या महाराष्ट्रात होते. रात्री पुलाखाली, फलाटावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर विखुरलेली माणसे मोजणे कठीण असते. त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असावा, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात.

अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बेघरांच्या निवाऱ्याबाबत सरकारांना आदेश दिले. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरातील दर एक लाख लोकवस्तीमागे निदान शंभर जणांसाठी, वर्षभर चोवीस तास चालणारा निवारा असावा, असा दंडक घातला गेला. म्हणजे निवारा हा उपकार नसून, जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे.

“निवारा असूनही हे लोक जात नाहीत,” असे आपण ऐकतो. का जात नाहीत, हे त्यांना विचारून पाहावे. मजुराला पहाटे नाक्यावर उभे राहायचे असते आणि निवारा दूर असतो. पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या केंद्रांत, मग नवरा-बायको व मुलांची ताटातूट होते. हातगाडी, भंगाराची पोती, सोबतचा कुत्रा यांना आत जागा नसते. कुणाजवळ ओळखपत्र नसते. पत्ता नाही म्हणून कागद नाही आणि कागद नाही म्हणून काम मिळत नाही. यात आळस कुठे आहे?

सोबत

काहींना मात्र रात्रीचे छप्पर पुरत नाही. मनाचा आजार, व्यसन, म्हातारपण किंवा घरच्यांनी तोडलेले नाते यांमुळे ज्यांचे आयुष्य विस्कटले आहे, त्यांना घर हवे आणि घरासोबत माणूसही हवा.

आपल्या महाराष्ट्रातच डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी 1988 साली हे काम हाती घेतले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना त्यांची श्रद्धा ही संस्था कर्जत येथील केंद्रात आणते, उपचार करते आणि त्यांचे गाव शोधून त्यांना घरी पोचवते. या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना आपण ‘वेडा’ म्हणून ओलांडून जातो, त्यांची कुठेतरी आई वाट पाहत असते, हे त्यांनी दाखवून दिले.

पण ज्यांना परत जायला घरच उरले नाही त्यांचे काय? चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी 1993 मध्ये ‘द बनियन’ ही संस्था सुरू केली. तिने 2015 पासून ‘होम अगेन’ नावाचा उपक्रम चालवला. वर्षानुवर्षे संस्थेत राहिलेल्या चार-पाच स्त्रिया मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात. स्वयंपाक, बाजारहाट, शेजारपाजार त्या स्वतः सांभाळतात आणि सोबतीला मदतनीस असते. मालकाच्या हाती दिलेले दोन दिनार ते हेच.

फिनलंड देशाने 2008 पासून ‘आधी घर’ हे धोरण घेतले. पूर्वी म्हणत, दारू सोडा, मग घर देऊ. आता आधी घर देतात आणि मग इतर मदत. 1987 च्या सुमारास तिथे 18 हजारांहून अधिक बेघर होते. 2023 पर्यंत ही संख्या साडेतीन हजारांच्या आसपास आली. 2024 मध्ये ती पुन्हा काहीशी वाढली. घरे बांधणे आणि सोबत करणे थांबले, की रस्ता पुन्हा भरू लागतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

परक्याला आसरा देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे. 1987 हे संयुक्त राष्ट्रसंघाचे बेघरांसाठीचे वर्ष होते. त्या वर्षी व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने एक दस्तऐवज काढला. त्याचे शीर्षकच प्रश्न होते : तुझ्या बेघर भावाचे तू काय केलेस? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली संत पेत्राच्या चौकाजवळ बेघरांसाठी स्नानगृहे उघडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत, त्या परिसरात वर्षानुवर्षे राहिलेल्या आणि रोज मिस्साला येणाऱ्या विली नावाच्या बेघर माणसाचे दफन व्हॅटिकनमधील दफनभूमीत झाले. काही दिवस तो दिसला नाही, तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांनी त्याचा शोध घेतला होता.

बंधू-भगिनींनो, आपल्या पडवीतले गृहस्थ दिसेनासे झाले, तेव्हा शोध कोणी घेतला?

आपण काय करू शकतो?

1. आधी नाव विचारावे. पैसे देण्याआधी दोन शब्द बोलावेत.
2. आपल्या नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे निवारा केंद्र कुठे आहे, तिथे कोणाला घेतात, हे लघु ख्रिस्ती समूहाने स्वतः जाऊन पाहावे आणि माहिती चर्चच्या फलकावर लावावी.
3. भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण वाटली, तर पोलिसांना कळवावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा व्यक्तीला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. एकटे मूल दिसल्यास 1098 आणि निराधार वृद्ध दिसल्यास 14567 या क्रमांकावर फोन करावा.
4. कागदपत्रे, दवाखाना, बँकेचे खाते यांसाठी कुणाबरोबर तरी जाऊन रांगेत उभे राहावे. निवृत्त मंडळी हे काम उत्तम करू शकतील.
5. ज्यांची खोली भाड्याने द्यायची आहे, त्यांनी एकट्या वृद्धाला किंवा आजारातून बऱ्या झालेल्या माणसाला केवळ त्या कारणावरून नकार देऊ नये.

पडवीचे कुलूप तसेच ठेवायचे की काढायचे, हे पॅरिश कौन्सिलने ठरवावे. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. पण कुलूप राहणार असेल, तर पडवीऐवजी त्या माणसाने कुठे जावे, याचे उत्तरही आपल्याजवळ हवे. उत्तराशिवाय लावलेले कुलूप बेथलेहेमच्या दारावर लागले होते.

चिंतनासाठी

माझ्या रोजच्या वाटेवर झोपणाऱ्या एका तरी माणसाचे नाव मला ठाऊक आहे का? माझी दया कोणत्या पायरीवर थांबते?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुला जन्मताना जागा मिळाली नाही आणि डोके टेकायला ठिकाण नव्हते. आमच्या दाराशी तू पुन्हा येशील तेव्हा आम्हाला तुझी ओळख पटू दे. आमचे हात उदार कर, आमची भीती कमी कर आणि आमच्या धर्मग्रामाला सर्वांना आत घेणारी उतारशाळा कर. आमेन.