अवगाहद्रोणीची स्वच्छता व निगा : फायबरग्लासच्या खरखरीत तळासंबंधी काही अनुभव

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात तेरा प्रकारचे साग्नि स्वेद सांगितले, त्यांत अवगाह हा एक आहे. सुश्रुताचार्यांनी द्रवस्वेदाचे वर्णन करताना कटाह आणि द्रोणी या पात्रांचा उल्लेख केला. वाग्भटाचार्यांनी सर्वांगगत वातात, तसेच अर्श, मूत्रकृच्छ्र इत्यादींच्या वेदनेत अवगाह योजावा असे म्हटले. वातहर क्वाथ, क्षीर, तैल, घृत, उष्णोदक अशा द्रवांची आणि व्याधींची चर्चा आपण परिषदांतून नेहमी करतो. ज्या द्रोणीत रुग्णाला बसवायचे तिच्या तळाविषयी मात्र आपल्यात फारसे बोलले जात नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात मला तरी ते कोणी शिकवले नाही. जे शिकलो ते एका रुग्णेच्या मोडलेल्या मनगटाकडून शिकलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगत माझे लहानसे पंचकर्म चिकित्सालय आहे. तेथील अवगाहाचा टब फायबरग्लासचा आहे. केरळात काजऱ्याच्या लाकडाची द्रोणी वापरण्याची परंपरा आहे. परंतु लाकूड महाग, जड, शिवाय तेल पिणारे. फायबर हलके, गळती नाही आणि वरवर पाहता धुण्यास सोपे. टबाच्या तळावर उठावाचे बारीक ठिपके होते, तेलकट पाय घसरू नयेत म्हणून. पहिल्या सहा महिन्यांतच त्या ठिपक्यांमधील खोलगट भाग काळपट पिवळा पडला. रुग्णाला असा टब दाखवण्याची मला लाज वाटू लागली. मी सफाई करणाऱ्या मावशींना शौचालय धुण्याचे ॲसिड आणि तारेची घासणी आणून दिली. टब पांढराशुभ्र झाला, मी समाधान पावलो. पुढे आठ महिने दर शनिवारी हाच क्रम चालला.

त्यानंतर एके दिवशी जानुसंधिगत वाताच्या एक वृद्ध रुग्णा अभ्यंगानंतर टबात उतरल्या, आणि दुसरा पाय आत घेताच पहिला पाय घसरला. तोल सावरण्यासाठी त्यांनी हात टेकला. मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघेपर्यंतचा सर्व खर्च मी केला. पण गुडघ्याच्या वेदनेसाठी आलेली माता हात गळ्यात बांधून घरी गेली, ही गोष्ट खर्चाने भरून येत नाही. सायंकाळी मी टबाच्या तळावरून अंगठा फिरवला. ठिपके जवळजवळ नाहीसे झाले होते. टब कोणी कारखान्यात बिघडवला नव्हता; माझ्या आज्ञेने, माझ्या पैशाने, दर शनिवारी आम्हीच तो गुळगुळीत केला होता.

हे घडते कसे

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंची चटई पॉलिस्टर राळेत बसवून केलेला थर. आपण ज्याला टबाचा पृष्ठभाग म्हणतो तो त्यावरील जेलकोटचा लेप असतो आणि त्याची जाडी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. चकाकी, रंग, पाण्यापासूनचे संरक्षण हे सारे या अर्ध्या मिलिमीटरवर अवलंबून. तळाचे ठिपकेही बहुधा याच लेपात साच्याने उठवलेले असतात. तारेची घासणी, विटेची पूड, राख, घासण्याची भुकटी यांनी तो लेप झिजतो. तीव्र ॲसिड, थिनर, ॲसिटोन यांनी निस्तेज व सच्छिद्र होतो. सच्छिद्र पृष्ठभाग अधिक मळ धरतो, मग आपण अधिक जोराने घासतो. एकदा काचेचे तंतू उघडे पडले की पाणी आत मुरते, आणि तंतू रुग्णाच्या त्वचेला टोचून कंडू होते ते वेगळेच.

आता मळाचे स्वरूप पाहू. आपल्या टबातील मळ घरातील स्नानगृहाच्या मळापेक्षा निराळा असतो. तिळाचे तेल हवेत हळूहळू सुकणारे आहे. त्याचा पातळ थर दोन-तीन आठवडे राहिला तर चिकट, रोगणासारखा होतो आणि मग साध्या साबणाला दाद देत नाही. त्यात उद्वर्तनाचे चूर्ण आणि क्वाथाचा गाळ अडकतो. दख्खनच्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. वडीचा साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा पांढरट साका तयार करतो. २०२१ पासून भामा आसखेड योजनेचे पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले, तरी ज्यांच्या इमारतीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तेल, चूर्ण आणि साका हे तिन्ही ठिपक्यांच्या मधल्या खाचांत बसतात आणि ओलसर राहिल्यास त्यात जंतूंचा चिवट थर वाढतो. उष्ण पाण्याच्या टबांतून स्यूडोमोनास जंतूमुळे केसांच्या मुळाशी पुटकुळ्या उठतात, हे सर्वज्ञात आहे. ज्यांच्याकडे क्षारसूत्रानंतरचे भगंदराचे किंवा अर्शाचे रुग्ण त्रिफळा क्वाथात बसतात, त्यांच्या दृष्टीने तर तो टब म्हणजे उघड्या व्रणाला लागणारे पात्र होय. तेव्हा घासणे टाळता येत नाही, आणि ठिपके झिजवूनही चालत नाही.

नित्य क्रम

आमच्याकडे आता पाळला जाणारा क्रम सांगतो. यातील पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती रुग्ण टबात उतरण्यापूर्वीची आहे. अभ्यंगानंतर रुग्णाचे तळपाय आणि तळहात कोरड्या सुती कापडाने नीट पुसावेत. उर्वरित अंगावरील तेल राहू द्यावे. स्वेदाला त्याने बाधा येत नाही. परिचारकाने एका बाजूने आधार दिल्याखेरीज रुग्णाने पाय उचलू नये. टबालगत भिंतीत धरण्यासाठी दांडा नसेल तर तो आजच बसवावा.

क्वाथ उकळता टबात ओतू नये. प्रथम थंड पाणी, मग क्वाथ. एकदम पडलेल्या उष्णतेने जेलकोटला केसासारख्या भेगा पडतात.

रुग्ण बाहेर आल्यावर टब लगेच रिकामा करण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते आणि तेथेच चूक होते. पाण्यावर तरंगणारे तेल पातळी उतरताना भिंतींना व शेवटी तळाला चिकटते. त्याऐवजी कोमट पाणी असतानाच त्यात भांडी घासण्याचा द्रव साबण दोन-तीन चमचे टाकून हाताने ढवळावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग बूच काढावे. तेल पाण्यात मिसळून निघून जाते. पातळी उतरत असताना मऊ नायलॉनचा ब्रश भिंतीवरून फिरवत खाली यावे. या एका बदलाने आमची घासण्याची मेहनत निम्म्याहून कमी झाली. द्रव साबणाऐवजी रिठ्याचे गाळलेले पाणीही चालते, कठीण पाण्यातही त्याचा साका होत नाही. बेसन किंवा मसुरीचे पीठ मात्र वापरू नये. तेल ओढून घेण्यासाठी मी तो प्रयोग केला होता. पीठ खाचांत बसले, आंबले आणि चौथ्या दिवशी टबाला वास येऊ लागला.

तळ घासताना ब्रश एकाच दिशेने न फिरवता आडवा, उभा आणि गोल असा तिन्ही प्रकारे फिरवावा. खाचेच्या चारही बाजूंना केस पोचले पाहिजेत. जोर नको, वेळ द्यावा. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास येताना विश्रांतवाडीवरून जाते. त्या दिवशी आम्ही वारकऱ्यांचे पाय तेल लावून लहान टबांत शेकतो. अशा वेळी तळात तेलाबरोबर माती व वाळूचे कण साचतात. ते आधी भरपूर पाण्याने वाहून काढावेत. ब्रशखाली वाळू राहिली तर तो ब्रश राहत नाही, पॉलिशपेपर होतो.

निर्जंतुकीकरण स्वच्छतेनंतरच करावे. मळ असलेल्या पृष्ठभागावर टाकलेला क्लोरीन मळाशीच खर्ची पडतो. हायपोक्लोराइटच्या बाटलीवरील प्रमाण पाहावे. ५ टक्क्यांचे असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर घेतल्यास ०.१ टक्क्याचे द्रावण होते. तळ दहा मिनिटे ओला राहील असे शिंपडावे, नंतर भरपूर पाण्याने धुवावे. द्रावण रोज ताजे करावे. व्रणाच्या रुग्णानंतर हे प्रत्येक वेळी आवश्यक आहे. टबात पडलेला रक्ताळलेला गॉज २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातो, मोरीत नव्हे. शेवटी कोरड्या कापडाने पुसून बूच उघडे ठेवावे, पंखा लावावा. रात्रभर कोरडा राहिलेला टब सकाळी ओल्या टबापेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो.

येथे औषधी विक्रेत्या बंधूंना एक विनंती. ‘टब साफ करायला काहीतरी जोरदार द्या’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती एकाच पिशवीत हायपोक्लोराइट आणि ॲसिड देऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. बंद स्नानगृहात ओणवे होऊन घासणाऱ्या बाईच्या नाकाशी तो वायू पोचतो आणि तिला बाटलीवरील बारीक अक्षरे बहुधा वाचता येत नसतात.

डाग

हळदीचा डाग दिसताच लोक धुण्याचा सोडा टाकतात आणि तो लाल झालेला पाहून घाबरतात. हळदीतील रंगद्रव्य क्षाराने लाल होते, यात घाबरण्यासारखे काही नाही, पण डाग जातही नाही. ते रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात व मद्यार्कात विरघळते. म्हणून प्रथम साधे तेल चोळून पुसावे, मग सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने टिपावे (जवळ ज्योत नको), त्यानंतर साबण. राहिलेली छटा सूर्यप्रकाशाने फिकी होते. बैठकीचे लहान टब सरळ उन्हात ठेवावेत.

त्रिफळेचा काळा डाग वेगळ्या कारणाचा आहे. त्रिफळेतील कषाय द्रव्य लोहाशी मिळून शाईसारखा काळा रंग देते. क्वाथ लोखंडी पातेल्यात केला किंवा जुन्या नळातून गंज येत असला की हा डाग पडतो. क्वाथ स्टीलच्या पातेल्यात करावा. पडलेल्या डागावर, तसेच क्षाराच्या पांढऱ्या पुटावर, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून ते दहा मिनिटे ठेवावे व धुवावे. हायपोक्लोराइट वापरलेल्या टबात हे करण्यापूर्वी टब पूर्ण धुतलेला हवा, कारण लिंबूसत्त्वही आम्लच आहे. एकदा न गेलेला डाग आठवड्याने पुन्हा घ्यावा. थोडी छटा राहिली तर राहू द्यावी. रुग्णांना मी आता सांगतो की हा त्रिफळेचा रंग आहे, मळ नाही. ते समजून घेतात.

झिजलेल्या तळाचे काय करावे

अपघातानंतर मी बाजारातून चोषकांची रबरी चटई आणून टाकली. ती अधिकच धोक्याची निघाली. चोषकांना गुळगुळीत तळ लागतो. अर्धवट खरखरीत तळावर ते धरत नाहीत आणि रुग्ण चटईसकट सरकतो. चिकटपट्ट्यांचा डिंक तेलाने सुटतो आणि पट्टीखाली मळ साचतो. चकाकीसाठी गाडीचे मेण लावायचे तर बाहेरच्या बाजूस लावावे, तळाला कधीही नाही.

शेवटी फायबरचे काम करणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने तळ स्वच्छ करून पाणीपॉलिशपेपरने घासला, पूर्ण कोरडा केला, नवा जेलकोट हार्डनर मिसळून लावला आणि ओला असतानाच त्यावर बारीक, एकसारखी चाळलेली वाळू भुरभुरवली. मग वरून आणखी एक पातळ हात दिला. त्यापूर्वी टबात तेलाचा अंश राहिला असता तर लेप सुटून आला असता, म्हणून दोन दिवस आधीपासून टब साबणाने धुवून ठेवला होता. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि शेजारच्या खोलीत रुग्ण ठेवू नये, वास उग्र असतो. लेप पक्का होऊन वास पूर्ण जाईपर्यंत टबात पाणी भरू नये. आम्ही आठवडाभर थांबलो आणि अवगाहाच्या रुग्णांना तोवर नाडीस्वेद दिला. आता दर सोमवारी पहिल्या रुग्णापूर्वी परिचारिका कोरड्या तळावरून अंगठा फिरवते आणि अंगठा कोठे सरकला तर ती जागा खडूने खुणावून मला दाखवते.