सहलीचं नियोजन शिकवताना : भूमध्य समुद्राची एक स्वच्छ पुळण



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेची सहल कोकणात समुद्रावर गेली होती. बस ठरलेली होती, पालकांची संमतीपत्रं फाइलला लावलेली होती, पोहे-केळी बरोबर होती, औषधांची पेटी होती आणि शिट्टी माझ्या गळ्यात होती. दुपारी तीनच्या सुमारास मुलं वाळूच्या एका उंचवट्यावर किल्ले करत बसली. मी फोटो काढत होते. तेवढ्यात जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी लांबून हाक मारली, "बाई, पोरांना मागं घ्या, भरती लागली!" मागे वळून बघते तर उंचवट्याच्या पाठीमागच्या सखल भागात पाणी शिरलेलं. मुलांना बाहेर आणेपर्यंत ते त्यांच्या गुडघ्याला लागलं. कुणाला काहीही झालं नाही. मुलांना तर मजाच वाटली. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी सगळ्याचं नियोजन केलं होतं, फक्त समुद्राचं केलं नव्हतं.

त्यानंतर पाचवीसाठी मी हा पाठ तयार केला. पाठाचं नाव 'समुद्रावर जायचं ठरवूया'. यात आपल्या ओळखीचा किनारा मी मुद्दाम घेतला नाही. ओळखीच्या जागेबद्दल विचारलं की मुलं "माहितीये बाई!" म्हणतात आणि तिथेच प्रश्न संपतात. अनोळखी जागा दिली की एकेक गोष्ट विचारावीच लागते. वर्गातल्या एका मुलाने जुन्या कॅलेंडरचं पान आणलं होतं, त्यावर निळंशार पाणी आणि पांढरी वाळू. खाली लिहिलेलं 'भूमध्य समुद्र'. म्हटलं, चला, तिकडेच जाऊ.

पाठातून काय साधायचं?

१. नकाशा, वेळ, हवामान आणि अंतर यांचा प्रत्यक्ष नियोजनासाठी उपयोग करता येणे.
२. 'स्वच्छ किनारा' म्हणजे काय, याचा विचार करणे.
३. जिथे जायचं त्या जागेचे नियम का असतात, हे समजून घेणे.
४. पाण्याजवळच्या सुरक्षिततेच्या सवयी.

साहित्य फार लागत नाही. जगाचा नकाशा, दोरा, घड्याळाची प्रतिकृती, चार्ट पेपर आणि एक परात वाळू.

कृती १ : आधी समुद्र ओळखूया

नकाशावर भूमध्य समुद्र शोधायला सांगा. 'भू' म्हणजे जमीन, 'मध्य' म्हणजे मधला. जमिनीच्या मधला समुद्र. वरती युरोप, खाली आफ्रिका, उजवीकडे आशिया. दोरा घेऊन मुलांना त्याच्या काठाकाठाने फिरवायला लावा. दोरा पश्चिमेला एका चिंचोळ्या फटीपाशी पोहोचतो. ती जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सर्वांत अरुंद जागी साधारण १४ किलोमीटर. तेवढ्या दारातून अटलांटिक महासागराचं पाणी आत येतं. पाऊस आणि नद्यांमधून मिळतं त्यापेक्षा जास्त पाणी उन्हाने उडून जातं, म्हणून हा समुद्र महासागरापेक्षा थोडा जास्त खारट आहे.

दार लहान असल्याचा आणखी एक परिणाम आहे आणि माझ्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरपेक्षाही कमी असतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी तो चार मीटरच्या आसपास जातो. वर्गाच्या भिंतीवर खडूने दोन्ही खुणा करा. अर्धा मीटर मुलांच्या मांडीपर्यंत येतो. चार मीटरची खूण करायला मला शिडी आणावी लागली. खूण झाल्यावर वर्ग एकदम शांत झाला. सहलीला आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्या दिवशी म्हणून पाणी आलं होतं का?"

कृती २ : किनारा निवडूया

भूमध्य समुद्राच्या काठी वाळूचे किनारे शेकडो आहेत. आम्ही निवडला तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येचा इझतुझू. दाल्यान नावाच्या गावाजवळची ही सुमारे साडेचार किलोमीटर लांब पुळण. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदीचं गोडं पाणी आणि वेतासारखी उंच गवतं. मधोमध वाळूची पट्टी. गावातून किनाऱ्यावर जायला दोन वाटा आहेत. एक मिनीबसने डोंगराला वळसा घालून, दुसरी होडीने, गवतांमधल्या वळणावळणाच्या पाण्यातून. होडीतून जाताना समोरच्या कड्यात कोरलेली जुनी थडगी दिसतात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. वेरूळ बघितलेल्या मुलांना कडा कोरणं म्हणजे काय ते लगेच कळतं.

तुर्की लोक भूमध्य समुद्राला 'आकदेनिझ' म्हणतात, म्हणजे पांढरा समुद्र. आमच्या मुलांना हे इतकं आवडलं की आठवडाभर पाण्याच्या टाकीलाही आकदेनिझ म्हणत होती.

कृती ३ : कधी आणि कसं जायचं?

इथे गटकार्य द्या. पहिल्या गटाला विचारा, कोणत्या महिन्यात जावं? मुलं पटकन "मे महिना, सुट्टी असते" म्हणतात. मग हवामान बघायला लावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस. तिथे नेमकं उलटं. उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात. मे महिन्यात हवा छान असते, पण हिवाळ्यात गार झालेलं पाणी अजून पुरतं तापलेलं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कोमट, पण ऊन कडक आणि गर्दी जास्त. आमच्या गटाने सप्टेंबर ठरवला. कारणं लिहून काढली, त्यातच अर्धा भूगोल झाला.

दुसरा गट वेळेचं गणित करतो. तुर्कस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. विमान मुंबईहून सकाळी ६ वाजता निघालं आणि इस्तंबूलला पोहोचायला ७ तास लागले, तर तिथल्या घड्याळात किती वाजले असतील? उत्तर १०:३०. तिथून दुसऱ्या विमानाने दालामान, मग रस्त्याने दाल्यान.

तिसरा गट पैशांचा. तुर्कस्तानचं चलन लिरा. त्या दिवशीचा दर मोठ्यांच्या मदतीने शोधून, होडीचं तिकीट, पाणी, जेवण असा अंदाज मांडायचा. पासपोर्ट आणि व्हिसा हे शब्दही इथेच येतात. खरंच जाणाऱ्या पालकांनी व्हिसाचे नियम अधिकृत ठिकाणीच तपासावेत, ते बदलत असतात.

कृती ४ : 'स्वच्छ' म्हणजे काय?

माझ्या मते हा पाठाचा गाभा आहे. परातीतल्या वाळूवर मी पाच वस्तू ठेवल्या. प्लास्टिकचं झाकण, शिंपला, वाळलेलं गवत, चॉकलेटचा कागद आणि लाकडाचा तुकडा. "किनारा स्वच्छ करा" म्हटलं. मुलांनी पाचही वस्तू उचलून टाकल्या, वरून हाताने वाळू सपाट केली आणि अभिमानाने माझ्याकडे बघितलं.

मग सांगितलं की भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाचं सागरी गवत वाढतं. त्याची इथली जात फक्त याच समुद्रात सापडते. त्याची पानं गळून किनाऱ्यावर तपकिरी ढीग साचतात. बघणाऱ्याला वाटतं, काय हा कचरा! पण हेच ढीग हिवाळ्यातल्या लाटांचा मार सोसतात आणि वाळू वाहून जाऊ देत नाहीत. ढीग उचलला की पुढच्या काही वर्षांत पुळणच बारीक होऊ शकते. म्हणजे दिसायला चकाचक केलेला किनारा आपण हळूहळू घालवत असतो.

उलट बाजूही सांगा. दिसायला सुंदर, निळं पाणी घाणेरडं असू शकतं. सांडपाणी मिसळलं आहे का हे डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी पाण्यातले जिवाणू तपासावे लागतात. अनेक देशांत किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' म्हणजे निळा झेंडा दिला जातो. याची सुरुवात १९८५ साली फ्रान्समध्ये झाली. हा झेंडा मिळवायला पाण्याची नियमित तपासणी, सुरक्षा, व्यवस्थापन आणि लोकांना माहिती देण्याची सोय असं सगळं बघतात. भारतातल्याही काही किनाऱ्यांना २०२० पासून तो मिळाला आहे. घरी खरी सहल ठरवताना फोटो बघून भुलू नका, पाण्याच्या तपासणीचा फलक कुठे आहे ते शोधा.

यानंतर मुलांना परत परात दिली. या वेळी झाकण आणि कागद तेवढा बाहेर आला. शिंपल्यावरून मात्र वाद झाला, घरी न्यायचा की नाही. तो वाद मी मिटवला नाही, फळ्यावर लिहून ठेवला.

कृती ५ : किनारा रात्री कोणाचा?

इझतुझूला मे महिन्यापासून समुद्री कासवं अंडी घालायला येतात. लॉगरहेड जातीची. शास्त्रीय नाव कॅरेटा कॅरेटा, मुलांच्या तोंडात लगेच बसतं. मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी खड्डा करते आणि शंभरएक अंडी घालून परत जाते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं बहुतेक रात्रीच बाहेर पडतात आणि जिथे उजेड दिसेल तिकडे धावतात. निसर्गात तो उजेड समुद्रावर असतो. किनाऱ्यावर दिवे लागले तर पिल्लं भलतीकडेच जातात.

म्हणून या हंगामात किनारा रात्री ८ ते सकाळी ८ माणसांसाठी बंद असतो. घरट्यांचा पट्टा खुंट्यांनी आखलेला असतो, त्यात छत्री रोवायची नाही.

आमच्या योजनेत मुलांनी "रात्री वाळूत झोपून पिल्लं बघणे" असं लिहिलं होतं, भोवती चांदण्या काढून. मी नियम वाचून दाखवला. वर्ग नाराज. एकजण म्हणाला, "एवढे पैसे भरून जायचं आणि बघायचं नाही?" मला उत्तर सुचेना. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, ती म्हणाली, "आपल्या घरी बाळ झालं की आपण रात्री पाहुणे घेतो का?" मग कुणीच काही बोललं नाही. चांदण्या तशाच ठेवल्या, ओळ तेवढी खोडली. तिच्या जागी लिहिलं, "दिवसा कासवांच्या दवाखान्यात जाणे." किनाऱ्याला लागूनच पामुक्कले विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे जखमी कासवांवर उपचार करतात.

हा नियम आपोआप आलेला नाही, हेही सांगा. १९८० च्या दशकात या वाळूवर मोठं हॉटेल उभं राहणार होतं. तिथे झोपडीत राहणाऱ्या जून हेमॉफ या ब्रिटिश बाईंनी आणि निसर्गप्रेमींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. हॉटेल थांबलं आणि १९८८ साली हा परिसर संरक्षित झाला. लोक त्यांना 'कॅप्टन जून' म्हणत. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांसाठी २००२ पासून असंच काम उभं राहिलं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन. वेळासचं नाव घेतल्यावर मुलांना इझतुझू एकदम जवळचं वाटलं.

कृती ६ : पिशवीत काय आणि डोक्यात काय?

पिशवीत टोपी, पाण्याची बाटली, अंगभर सुती कपडे, उन्हापासून जपणारं मलम, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. ही यादी मुलं स्वतः करतात, आपण वेळ घालवू नये. डोक्यात काय न्यायचं ते मात्र पक्कं करून घ्या.

• लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. पिवळा म्हणजे सावध.
• भरती लहान म्हणून समुद्र निर्धोक होत नाही. इझतुझूला उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वाढतो, लाटा उठतात.
• नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याला ओढ असते. तिथे पोहायचं नाही.
• मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. मोबाइलमध्ये डोकं घातलेलं मोठं माणूस मोजायचं नाही. (हे वाक्य मुलांचं आहे, माझ्याकडे बघून म्हटलेलं.)

मूल्यमापन

लेखी प्रश्न विचारू नका. प्रत्येक गटाला एक वेगळा किनारा द्या, शक्यतो आपल्या जिल्ह्याजवळचा, आणि सांगा, "इथे जायच्या आधी विचारायचे पाच प्रश्न लिहा." उत्तरं आली नाहीत तरी चालतील. प्रश्न योग्य आले, तर पाठ झाला.

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी फिरायला जाताना तिकिटं तुम्ही काढा, पण किनाऱ्याची माहिती मुलांना काढू द्या. वेळ जास्त लागेल. पण तिथे पोहोचल्यावर "असं करू नको, तसं करू नको" हे तुम्हाला कमी वेळा म्हणावं लागेल, कारण ते मुलांनीच तुम्हाला सांगितलेलं असेल.

या वर्षी आमची सहल पुन्हा समुद्रावर गेली. नियोजनाचा तक्ता मुलांनी केला. पहिल्याच ओळीत त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. त्या बघून मुलांनीच बस दोन तास लवकर सोडायला लावली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तर एका मुलाने भिंतीवरची चार मीटरची खूण दाखवली. ती आम्ही अजून पुसलेली नाही.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात, तर मुलांनी कोणते पाच प्रश्न लिहिले ते जरूर कळवा.