बाहुकाला दमयंतीने कसं ओळखलं?

आजचं वाचन : महाभारत, वनपर्वातलं नलोपाख्यान.

गुरुकुंज मोझरी ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्यातच वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण तिथे जातो. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं मानतात. म्हणजे दमयंतीचंही माहेर तेच की!

तिच्या कथेत रूपं दोनदा बदलतात. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम नळाचंच रूप घेऊन बसले. एकासारखे एक पाच नळ! तिने सत्याची आण घातली, तेव्हा देवांनी आपल्या खुणा दाखवल्या : घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. उरला तो धुळीने माखलेला, घामेजलेला, सावली पडणारा. तिने माळ त्याला घातली.

पुढे द्यूतात राज्य गेलं. नळ तिला रानात झोपलेली सोडून गेला (हे मला आजही पचत नाही). वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला त्याने वाचवलं, तर तोच नाग त्याला डसला आणि नळाचा कुरूप बाहुक झाला. कृतघ्नपणा वाटतो ना? पण ते विष जाळत होतं नळाच्या अंगात शिरलेल्या कलीला.

बाहुक ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन कुंडिनपूरला आला. दमयंतीने दासी केशिनीला नजर ठेवायला पाठवलं. केशिनीने जे पाहिलं ते आज रील झालं असतं : त्याने नुसतं बघितलं की रिकामी भांडी पाण्याने भरतात, हातात चुरडलेली फुलं अधिकच टवटवीत होतात!

मागे असाच एका बाबांचा व्हिडिओ मी लगेच पुढे पाठवला होता. कोण, कुठला, काहीच विचारलं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत 'संत-चमत्कार' हा एक अख्खा अध्याय आहे. चमत्कारावरून संत पारखू नका, त्याचं काम बघा, हा त्याचा रोख. तो मी वाचलेला होता, तरीही पाठवला.

दमयंती मात्र चमत्कार ऐकून थांबली नाही. तिने बाहुकाच्या हातचं अन्न मागवून चाखलं. मग दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवलं. त्यांना पोटाशी धरून तो ढसाढसा रडला, आणि वर केशिनीला म्हणाला, माझी मुलंही अशीच आहेत हो, म्हणून रडू आलं.

मूळ रूप परत देणारं कर्कोटकाचं वस्त्र इतके दिवस त्याच्याजवळच होतं. ते त्याने पांघरलं, पण दमयंतीशी समोरासमोर बोलणं झाल्यावर.