तेरीज जुळल्यावर

चि. भाचीस,


पुण्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या आणि सोबत सीए करणाऱ्या मुलामुलींचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. आधी क्लास, मग कॉलेज, दुपारी पुन्हा क्लास, रात्री अभ्यासिका. तुझं वेळापत्रकही असंच असल्याचं आईने कळवलं. कष्टांना तू भिणारी नाहीस, त्यामुळे त्याची चिंता नाही. काळजी वाटते ती एवढीच, की या धावपळीत गणितं सुटत जातात आणि हिशेबाकडे बघायची नजर तयार व्हायची राहून जाते.

तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळली नाही की विद्यार्थी फरक सस्पेन्स खात्यात टाकतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. मुरलेला हिशेबनीस आधी त्या फरकाला नऊने भागून बघतो. 5,400 च्या जागी 4,500 लिहिले गेले, तर फरक येतो 900. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नऊने हमखास भाग जातो. तसा भाग गेला नाही, तर फरक निम्मा करून बघायचा. 1,250 ची रक्कम नावेऐवजी जमेला पडली असेल, तर तेरजेत 2,500 चा फरक दिसतो. मग सगळी खातेवही न उपसता नेमकी तेवढीच नोंद शोधता येते. हे प्रश्नपत्रिकेत क्वचितच विचारतात, पण आकड्यांशी ओळख व्हायला अशीच सुरुवात होते.

आणि तेरीज जुळली तर? यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्याच खात्यावर टाकला, तरी ती जुळते आणि नफा फुगतो. एखादं बिल नोंदवायचंच राहिलं, तरीही जुळते.

सत्यम कॉम्प्युटर्सचा ताळेबंदही जुळलेलाच होता. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या 5,361 कोटी रुपयांपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. वर्षानुवर्षं फुगवलेला नफा कुठेतरी दाखवावा लागतो, तो तिथे साठला होता. बँकेची शिल्लक पडताळणं हा पहिल्या वर्षाचाच धडा, आणि देशातला एवढा मोठा घोटाळा नेमका त्याच ओळीत लपला होता. हे पत्र एकदा मुळातून वाच.

महिन्याला एका कंपनीचा वार्षिक अहवालही वाचत जा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल फुकट मिळतो. रंगीत पानं उलटून सरळ शेवटच्या टिपांवर जायचं. येणी किती जुनी आहेत? नफा वाढतोय आणि धंद्यातून रोकड येत नाही, असं का? प्रवर्तकांच्या नातलगांच्या कंपन्यांशी काय व्यवहार आहेत? क्लासच्या नोट्समध्ये हे प्रश्न क्वचितच भेटतील.

सीएचा निकाल मनाला लावून घेणारी मुलं फार दिसतात. प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के, असा नियम आहे. म्हणजे सगळ्या पेपरांत 45 मिळवणारी मुलगीही नापासच होते. तिला विषय येत नाही, असं यातून सिद्ध होत नाही. आणि अडथळा आला म्हणून वाट संपतही नाही. आर. शिवभोगम या लेखापाल झालेल्या पहिल्या भारतीय महिला, साल 1933. स्वातंत्र्यचळवळीतल्या तुरुंगवासामुळे त्यांची नोंदणी अडली, तेव्हा त्या कोर्टात भांडल्या आणि जिंकल्या.

कॉलेजच्या नाट्यमंडळात जायचं तुझ्या मनात आहे, ते सोडू नकोस. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींत वेळ जातो, हे खरं. पण पुढे आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, 31 मार्चला गोदामात माल मोजायला उभं राहावं लागतं. तिथे वयाने दुप्पट असलेल्या स्टोअरकीपरला, ‘वहीत चाळीस पोती आहेत, इथे छत्तीसच का?’ असं न कचरता, न दुखावता विचारावं लागतं. हे धाडस अभ्यासिकेत बसून येत नाही, रंगमंचावर येतं.

झोप मात्र कापू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा एखादा अहवाल घेऊन ये आणि त्यातल्या येण्यांची टीप मामाला नीट समजावून सांग.

तुझा,
मामा